डाव्या हातानं दिलेली डबी

अक्का, तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या पेपरात इंदापूरच्या पानावर तुझी चार ओळींची बातमी आली. शेळगाव येथील प्रगतशील शेतकऱ्याच्या पत्नीचं अल्पशा आजारानं निधन. पश्चात पती, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार. डेस्कवर बसून मी असा मजकूर आयुष्यभर तपासला. त्यातला 'अल्पशा आजारानं' हा तुकडा कुणी वाचत नाही, तो ठरलेला असतो. या वेळी मी वाचला.

आजार अल्पसा नव्हता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, मधली काही वर्षं बरी गेली आणि मग तो यकृतात निघाला. तू मला आधीच बजावून ठेवलं होतंस, "माझ्या बातमीत रोगाचं नाव घाल. मी समद्या गावाला नाव सांगत फिरले, आन् माझ्याच टायमाला झाकून ठेवशीला." बातमी माझ्या हातून गेली नाही, थोरल्या भाच्यानं फोनवर सांगितली. नाव का गाळलं, असं मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, "नात लग्नाची हाय, पाव्हणं. आजी कशानं गेली ह्ये पेपरात कशाला?"

मी उलट बोललो नाही. हा मजकूर मात्र छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला आहे. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं, तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला, आणि म्हणाले, "हाय तसं ऱ्हाऊ द्या."

तुझं निदान झालं तो दिवस मला नीट आठवतो. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला हा आजार होता का. तू नाही म्हणालीस. मीही नाही म्हणालो. दोघांनी अगदी खात्रीनं सांगितलं. परत येताना, गावातून बारामतीला प्रवासी नेणाऱ्या मुबारकच्या जीपमध्ये, पिंपळीचा फाटा मागे पडल्यावर, तू एकदम म्हणालीस, "आईला मूळव्याध नव्हती रं."

पिंपळीच्या घरात, तुझ्या माहेरी, आईची मूळव्याध हा एक कायमचा विषय होता. तिच्यासाठी सुरण यायचा, ताक राखून ठेवलं जायचं, कुणाकुणाकडून पुड्या यायच्या. ती वाळत गेली, आणि मूळव्याधीनं माणूस असं वाळतं का, हा प्रश्न आपल्यापैकी कुणी विचारला नाही. तो त्या जीपमध्ये तू विचारलास. मुबारकनं गाडीतलं गाणं बंद केलं होतं.

स्वतःचं ऑपरेशन व्हायच्या आधी तू मला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलंस. मी कामाची सबब सांगितली. "बातमीदार हायस न्हवं? मग जा, आतली बातमी काढून आण." काढून आणली. आत काही नव्हतं. आईनंतर तुला आणि तुझ्यानंतर मला, अशी ही वाट असू शकते, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. इथे मानतो.

केमो संपून डोक्यावर केस आले तशी तू कामाला लागलीस. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकामाणसांच्या तपासणीसाठी डॉक्टरीणबाईंनी डब्या द्यायचं कबूल केलं होतं. बोटाएवढी प्लास्टिकची डबी, टोपणाला आतून काडी. सकाळी काडीवर थोडी संडास घ्यायची, डबी बंद करायची, पिशवीत घालून परत द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात कळतं. रक्त निघालं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण दुर्बिणीनं बघून घ्यायला हवं. एवढं साधं होतं. अवघड होतं ते बायकांच्या हातात डबी देणं.

त्याला तू संक्रांत निवडलीस. हळदीकुंकवाला बोलावलं की बायका येतात, आणि वाण कुणी नाकारत नाही. भावकीलाही टाळता येत नाही, म्हणून मंदाही आली. मंदा तुझी धाकटी जाऊ. घराला घर लागून, आणि बोलणं बंद. तुझ्या शेळीनं तिचा मेथीचा वाफा खाल्ला, तेव्हापासून. त्याला किती वर्षं झाली हे दोघींनाही सांगता आलं नसतं. एकमेकींना जे ऐकवायचं ते तुम्ही शेळीला ऐकवायच्यात. "खा गं बाई, आपल्याच दारचं खा, लोकांच्या पानात तोंड घालू नगं," असं मंदा तिच्या अंगणातून म्हणायची, आणि तू शेळीच्या गळ्यातली दोरी सोडत उत्तर द्यायचीस, "ऐकलंस का? एका जुडीचं दुःख जल्मभर पुरतंय काही लोकास्नी."

तर त्या संक्रांतीला तू प्रत्येक डबीला हळदीकुंकवाचं बोट लावलंस, तिळगुळासोबत ओटीत घातलीस आणि काय करायचं ते समजावून सांगितलंस. बायकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तू ओट्यावर पिशवी घेऊन बसलीस. एकही डबी आली नाही. मग तू घरोघर गेलीस. कुणी डबी देव्हाऱ्यात ठेवली होती. कुणी तिच्यात कुंकू भरलं होतं. एकीनं नथ ठेवली होती. मंदानं मिसरी भरली होती, आणि तुला दिसेल अशी ती खिडकीत ठेवली होती.

शेजारची म्हातारी तुला म्हणाली, "अगं, सवाष्णीच्या हातचं वाण त्ये. त्याच्यात तसलं घालायचं? काय डोकं हाय का न्हाय तुला?"

तू फोनवर हे सांगताना इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "माझंच चुकलं रं. कुंकू लावून देवाची केली आन् म्हणते, घाला त्यात घाण."

पुढच्या संक्रांतीला मी मुद्दाम आलो. हळदीकुंकू झालं, वाण म्हणून तू चहाची गाळणी दिलीस. बायका उठायला लागल्या तशी तू सगळ्यांना अंगणात बोलावलंस आणि टोपलीतल्या डब्या वाटायला लागलीस. डाव्या हातानं. उजवा हात तू कमरेवर ठेवला होतास. पहिल्या बाईला काय ते लगेच उमगलं, ती तोंडाला पदर लावून हसली आणि तिनंही डावाच हात पुढे केला. मग सगळ्यांनीच केला. डाव्या हातानं आलेली वस्तू कशासाठी आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. ती देव्हाऱ्यात जात नाही.

मंदाची पाळी आली. ती मागे सरली. "मला डाव्या हातानं देती व्हय? दारात बोलवून?"

"समद्यांस्नी डाव्याच हातानं दिलीया," तू म्हणालीस. बोललीस ते टोपलीकडे बघून.

"समद्या तुझ्या जावा हायेत का?"

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "घे गं मंदे, तिळगूळ उजव्यानं घेतलास न्हवं आत्ताच? मग फिटलं." मंदानं डबी हिसकावून घेतली. डाव्या हातानं.

त्या आठवड्यात जवळजवळ सगळ्या डब्या परत आल्या. मुबारक त्या खोक्यात घालून बारामतीला न्यायचा. जीपमधल्या कुणी विचारलं की खोक्यात काय आहे, तर तो सांगायचा, "शेळगावचा माल हाय, वास घेऊन बघा." पुढच्या सीटवर जागा नेहमी मोकळी राहायची.

मी त्यावर लिहिलं. 'महिलांची मलतपासणी' असा मथळा होता. तू भडकलीस. "मल म्हंजी काय? शेळगावात कोण मल करतं? संडास लिही की." मी म्हटलं, लोक सकाळी चहा घेताना पेपर वाचतात. तू म्हणालीस, "मग चहा घेऊन कुटं जात्यात?" या वादात तू जिंकलीस. पुढच्या मजकुरात मी 'संडास' लिहिलं आणि ते छापूनही आलं.

दुसरा वाद मात्र मिटला नाही. निमगाव केतकीच्या बाजारात मूळव्याधीचं औषध विकणाऱ्याच्या शेजारी तू सतरंजी टाकून बसायचीस. त्याचं गिऱ्हाईक आलं की तू म्हणायचीस, "आवशीद घ्या, पण आदी ही डबी द्या. डबी दिली की कॅन्सरनं मरत न्हाय." तो माणूस वैतागून म्हणायचा, "अक्का, लांब बसा की जरा, पोटावर पाय देताय." मला त्याची तक्रार नव्हती, तुझ्या वाक्याची होती. मी तुला सांगितलं, हे खरं नाही. आजार लवकर सापडतो, गाठ आधीच काढता येते, मरणाची शक्यता कमी होते. वाचतोच, असं कुणी म्हणू शकत नाही. तू म्हणालीस, "इतकं लांबडं ऐकून घ्यायला बाजारात कोण थांबतंय? बारीक अक्षरातलं तू लिही. मी मोठ्यानं बोलते." आपण दोघंही आपापलं काम करत राहिलो. माझं वाक्य बरोबर होतं आणि डब्या तुझ्या वाक्यानं येत होत्या.

मग मंदाच्या डबीत रक्त निघालं.

हे सांगायला तू तिच्या दारात गेलीस. मी मागे उभा होतो. शेळी नाही, भिंत नाही, किती वर्षांनी तू तिला नावानं हाक मारलीस. "मंदे, तुझ्या डबीत रक्त आलंय. बारामतीला दुर्बिणीची तपासणी करावी लागंल."

मंदा ज्वारी निवडत होती. सूप तिनं खाली ठेवलं नाही. "तुझ्या तोंडातनं माझ्यासाठी चांगलं कवा आलंय? मला बाळंतपणापासनं मूळव्याध हाय."

"आईलाबी मूळव्याधच हुती आमच्या."

"मी न्हाय जायची. आत काय घालत्यात, टोचत्यात, कापत्यात. हवा लागली की त्यो पसरतो."

त्यानंतर तू तिच्याकडे जातच राहिलीस. तुझ्या पोटात पाणी व्हायला लागलं होतं, उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागायची, तरी जायचीस. कधी ती दार उघडायची, कधी आतून शेळीला शिव्या द्यायची. दुखणं यकृतात गेल्याचं कळलं त्या आठवड्यातही तू गेलीस, मी सोबत होतो. त्या दिवशी ती तुला जे बोलली ते गावात अजून कुणी कुणाला बोललं नसेल. "तू तपासलंस. तू कापून घेतलंस. समदं डॉक्टरच्या मनासारखं केलंस. काय झालं? आन् मला म्हणती, डबी दिली की मरत न्हाय."

मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्याकडे कुणालाही द्यायला उत्तर असायचं. त्या दिवशी तू काही न बोलता उठलीस आणि घरी आलीस. मला वाटलं, दमली असशील.

तू गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायका तेच बोलायला लागल्या. हळू आवाजात, डोळे पुसता पुसता. एवढी तपासणारी बाई, तिलाच राखलं नाही. कापलं म्हणून पसरलं. डबी देऊन काय उपयोग? ज्यांनी तुझ्या डाव्या हातातून डबी घेतली होती त्याच बायका होत्या. मी ओसरीवर दाजींजवळ बसलो होतो आणि सगळं ऐकत होतो. बारीक अक्षरातलं माझं वाक्य तिथं वाचून दाखवण्यात काही अर्थ नव्हता. तुझं सगळं काम तुझ्याच मरणाखाली दबून चाललं होतं.

मंदा आतल्या दाराशी बसली होती. तुला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती. थोरल्या जावेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं ती म्हणाली होती आणि त्यावर कुणी वाद घातला नव्हता. एक बाई पुन्हा म्हणाली, कापल्यानं झालं हो. मंदा तिच्याकडे वळली.

"कोण म्हणतंय कापल्यानं झालं? तुला काय म्हाईत हाय? तिला त्याच्या दोन वरीस आदीपासनं रगत जात हुतं. परकर येगळं धुवायची, मागल्या दगडावर, कुणी उठायच्या आत. लाल पाणी माझ्या वाफ्याकडं यायचं. मी बगायची रोज. मला वाटायचं, पाळी जायचं वय हाय, त्याचं असंल. मग वाटायला लागलं, ह्ये त्ये न्हवं. पर बोलणं न्हवतं आमचं. इचारलं न्हाय मी."

दाजींनी मान वर केली नाही. मी वाचून दाखवताना त्यांनी मला थांबवलं ते इथेच.

"दोन वरसं तिनं झाकलं आन् मी बगितलं," मंदा म्हणाली. "आन् तुमी म्हणताय, तपासलं म्हणून मेली."

अक्का, तू डॉक्टरीणबाईंना एक महिना सांगितला होतास. मलाही एक महिनाच. तुझ्यावर मी लिहिलेल्या लेखात तेच छापलं आहे: महिनाभराच्या त्रासानंतर त्यांनी तपासणी करून घेतली. ती माहिती चुकीची होती, ती इथे दुरुस्त करतो. लक्षणं दिसल्यापासून तपासणीपर्यंत दोन वर्षं गेली होती. तुझी गाठ वेळेत सापडली नव्हती.

सगळ्या गावापुढे संडास हा शब्द मोठ्यानं बोलणारी तू, एवढी एक गोष्ट का बोलली नाहीस, याचा मी विचार करत राहिलो. लाज असेल. आईचं आठवून भीती वाटली असेल. पुढे लोक तुझं ऐकायला लागल्यावर, आपणच उशीर केला हे कबूल करणं अवघड झालं असेल. कारण मला माहीत नाही आणि ज्याची खात्री नाही ते मी लिहीत नाही. एवढं माहीत आहे की मंदानं त्या दिवशी जो प्रश्न विचारला त्याचं खरं उत्तर तुझ्याकडे होतं, आणि ते द्यायला तुला जमलं नाही. ते उत्तर तिलाही ठाऊक होतं. तुम्ही दोघी एकाच गोष्टीवर गप्प होतात, आणि समोरची का गप्प आहे हे एकीलाही कळलं नव्हतं. हे तू असतानाच तुला कुणी सांगायला हवं होतं. आता मी सांगतो आहे.

हे छापलेलं तुला आवडलं नसतं. पण हे गाळलं तर तुझ्या मरणाचा अर्थ गाव लावतं आहे तोच राहील.

दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मंदानं मुबारकला जीप सांगितली. मला म्हणाली, "भाऊ, तुमी चला संगं. डॉक्टरीणबाई काय बोलत्यात त्ये नीट ऐका, ह्यांना कायबी कळत न्हाय." तिचा नवरा शेजारीच उभा होता. जायच्या आदल्या दिवशी पोट साफ व्हायचं खारट औषध पिताना तिनं डॉक्टर, दवाखाना आणि तू, अशा सगळ्यांचा उद्धार केला होता. "मरताना माझ्या मागं लावून गेली ह्ये." जीपमध्ये ती पुढच्या सीटवर बसली. बारामती येईपर्यंत तिनं खिडकीची दांडी सोडली नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांशी थांबून तिनं मला विचारलं, "हवा लागली तर?" मी म्हटलं, असं काही होत नाही. "खरं सांगताय का पेपरातलं सांगताय?" खरं सांगतोय, म्हटलं. मग ती आत गेली.

तिच्या आतड्यात एक गाठ निघाली. दुर्बिणीतूनच काढून तपासायला पाठवली. अहवाल काल आला. कॅन्सर नाही. तशीच राहू दिली असती तर पुढे होऊ शकला असता, अशा जातीची होती. ठरलेल्या मुदतीनं पुन्हा बघावं लागेल.

त्या दिवशी भूल उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यावर फोटो दाखवला. आतड्याच्या गुलाबी अस्तरावर एक छोटा फुगीर ठिपका. मंदा पुढे वाकून बघत राहिली. मला वाटलं, ती स्वतःबद्दल काही विचारेल.

"आमच्या अक्काची बी सुरवातीला एवढीच असंल का?"

डॉक्टरीणबाई तुला ओळखत होत्या. "कधीतरी एवढीच असणार," त्या म्हणाल्या.

मंदानं पदर तोंडात धरला. पडदा बंद करू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं हातानंच थांबवलं. मीही पाहिली, अक्का. हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती.